माहीत असणं आणि ओळखता येणं

‘ज्ञान म्हणजे काय’ हा आपला नेहमीचा प्रश्न आज आपण दंतवैद्याच्या खुर्चीपाशी नेऊ. औषधांमुळे जबड्याच्या हाडाला होणारा एक आजार आहे. तो शिकाऊ दंतवैद्यांना ओळखता येतो का, हाताळता येतो का, हा आजचा विषय.

आधी आजार समजून घेऊ. आपलं हाड सतत झिजतं आणि पुन्हा भरतं. जुनं हाड काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं घालणाऱ्या वेगळ्या. हाडं ठिसूळ झाली किंवा कर्करोग हाडांत पसरला, की काढणाऱ्या पेशींना आवर घालणारी औषधं देतात. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी, शिरेतून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, कातडीखाली डेनोसुमॅब. औषधं गुणकारी आहेत. पण क्वचित एखाद्याच्या जबड्याचं हाड मरतं, हिरडीतून उघडं पडतं आणि जखम भरत नाही. पुष्कळदा निमित्त होतं ते दाढ काढल्याचं. २००३ साली अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि वैद्यकविश्वाचं लक्ष इकडे गेलं.

निदानाच्या अटी मोजक्या आहेत. असं औषध चालू आहे किंवा पूर्वी घेतलेलं आहे. हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडं आहे. जबड्याला किरणोपचार झालेले नाहीत आणि तिथे कर्करोगही पसरलेला नाही. विद्यार्थी हे पाठ म्हणून दाखवतील. मग अडतं कुठे?

आपली मराठी इथे मदतीला येते. ‘मला पोहणं माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ यांत आपण फरक करतोच ना? गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद मांडला. लेखी परीक्षा पहिलं तपासते. रुग्णाला गरज असते दुसऱ्याची.

समजा, सत्तरीच्या एक आजी दाढ काढायला आल्या. विद्यार्थी विचारतो, “आजी, काही औषधं चालू आहेत का?” आजी म्हणतात, “नाही रे बाळा, बीपीची तेवढी गोळी.” त्या खोटं बोलत नाहीत, बरं का. हाडांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी सलाइनमधून दिलेलं इंजेक्शन त्यांच्या लेखी ‘चालू औषध’ नाहीच. त्याचा दाताशी संबंध असेल, हे तर त्यांच्या ध्यानीमनी नाही. पण झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या गटातली औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात. म्हणून ‘चालू आहे का’ यापेक्षा ‘कधी घेतलं होतं का’ हा प्रश्न मोलाचा. “हाडांसाठी कधी इंजेक्शन घेतलंत? कर्करोगाचे उपचार झालेत? जुने कागद आणाल का?” ज्याला हे विचारता येतं, त्याला निदानाची वाट सापडते.

उपचारातही तेच. इथे कौशल्य बरंचसं हात आवरण्यात आहे. रूट कॅनाल करून दात वाचत असेल तर तो काढायचा नाही. हाड उघडं दिसलं तर उगाच खरवडायचं नाही. जंतुनाशक गुळण्या, गरजेप्रमाणे प्रतिजैविकं, आणि वेळेवर मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवणं.

पण अर्धवट ज्ञानाची दुसरी बाजूही बघा. आजार ऐकून घाबरलेला विद्यार्थी म्हणेल, “आजी, ते औषध बंदच करा.” हाडांच्या ठिसूळपणासाठी या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका दहा हजारांत पाचाच्या आतबाहेर मानला जातो, कर्करोगाच्या मोठ्या मात्रेत तो बराच जास्त असतो. उलट डेनोसुमॅब परस्पर थांबवलं तर मणके मोडू शकतात. तेव्हा तो निर्णय औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की व्याख्येला गुण द्या, पण त्याहून जास्त गुण रुग्णाला विचारलेल्या प्रश्नांना द्या. इंटर्नशिपच्या वर्षात शिक्षकाने शेजारी उभं राहून ते ऐकावेत. आणि श्रोतेहो, आपल्यासाठीही एक गोष्ट. हाडांसाठी कधी काही घेतलं असेल, तर दाढ काढण्याआधी ते आपणहून सांगा. कुणी विचारलं नाही, तरीही.