पहिला वेढा बोटांनी

पुण्यात गिअरच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मागच्या चाकावर नवी कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, चढत असते, तेव्हा कारागीर बराच वेळ पान्याला हातच लावत नाही. आधी कॅसेट ज्यावर बसते त्या फ्रीहबवरच्या खाचा ब्रशने साफ होतात. मग कापडाचे टोक आत घालून तो आट्यांमधले जुने, काळे पडलेले ग्रीस काढतो आणि नव्याचा पातळ थर देतो. या कामातली सगळ्यात नाजूक जागा हीच. शिमानो पद्धतीच्या फ्रीहबमध्ये एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर जेमतेम १ मिलिमीटर असते आणि चकत्या दाबून धरणारी लॉकरिंग अशा मोजक्या वेढ्यांवरच बसते. लॉकरिंगचे आटे गेले तर नवी रिंग थोड्या पैशांत मिळते. फ्रीहबचे गेले, तर ॲक्सल काढून अख्खा फ्रीहब बदलावा लागतो, आणि जुन्या हबसाठी तो सुटा मिळेलच असे नाही.

साध्या सायकलचे फ्रीव्हील स्वतःच हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेले असते. पायडल मारू तसे ते आणखी घट्ट होते. कॅसेटचे तसे नाही. पायडलचा जोर खाचांवर येतो, लॉकरिंगने फक्त सगळ्या चकत्या बाजूने दाबून धरायच्या. ती नीट बसवण्याची जबाबदारी पूर्णपणे हाताची.

एक खाच बाकीच्यांहून वेगळ्या रुंदीची असल्याने चकत्या एकाच पद्धतीने बसतात. शेवटची छोटी चकती मात्र फसवते. ती खाचेत न उतरता जराशी तिरकी टेकली, तर लॉकरिंगला धरायला एखादाच आटा उरतो. वरून सगळे ठीक दिसते.

मग येते लॉकरिंग. कारागीर ती आधी उलटी फिरवतो, अगदी बरणीचे झाकण लावताना फिरवावे तशी. आट्याचे तोंड सापडले की बोटांना बारीकसा ‘टक’ जाणवतो. तिथून ती सुलटी, फक्त बोटांनी. पहिले दोन वेढे सहज गेले नाहीत तर रिंग तिरकी लागली आहे, ती काढायचीच. आटे बहुतेक वेळा इथे मरतात. लांब पाना नंतर फक्त ते उघडकीला आणतो.

आटे जाण्याचे दुसरे कारण वॉशरचे, आणि ते जास्त घातक. ११ स्पीडच्या रोड सायकलचा फ्रीहब जुन्या ८, ९, १० स्पीडच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिलिमीटरने लांब असतो. लांब फ्रीहबवर जुनी कॅसेट घालताना मागे तेवढ्याच जाडीचा वॉशर हवा. तो राहिला, तर लॉकरिंग चकत्यांना दाबण्याआधीच तळाला टेकते आणि कॅसेट खुळखुळत राहते. सैल आहे म्हणून माणूस आणखी आवळतो आणि आटे सोलून निघतात. उलट, ११ स्पीडची रोड कॅसेट आखूड फ्रीहबवर चढवली तर चकत्याच बाहेर येतात आणि रिंगला पुरेसा आटा मिळत नाही. दोन्हीकडे चूक मापाची आहे. जोर लावून ती सुटत नाही.

शेवटी पाना. खाचांचा टूल रिंगमध्ये पूर्ण आत बसवून, सरळ दाबून धरायचा. आवळताना कॅसेट धरून ठेवणारा चेन व्हिप लागत नाही, कारण त्या दिशेने फ्रीहब चाकाला धरून असतो. बऱ्याच रिंगांवर ४० न्यूटन-मीटर असे कोरलेलेच असते. म्हणजे २० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण २० किलोंचा भार. हा आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, म्हणून अंदाजापेक्षा टॉर्क रेंच बरा. रिंगेच्या खालच्या बाजूच्या रेघा चकतीवर घासून करकर वाजतात. नवख्याला वाटते आटे तुटले, पण तो आवाज रिंग नीट धरत असल्याचा असतो. आटे जातात तेव्हा आवाज होईलच असे नाही. पाना अचानक हलका पडतो.

आवळून झाल्यावर कारागीर छोटी चकती चिमटीत धरून हलवून बघतो. ती हलली, तर तो पुन्हा आवळत नाही. रिंग काढतो, चकत्या उतरवतो आणि वॉशर मोजतो.