जगभरातली बिअर सोनेरी कशी झाली? चेक प्रजासत्ताकातल्या एका तळघराची गोष्ट

प्रागला जाणाऱ्यांच्या यादीत किल्ला असतो, चार्ल्स पूल असतो. वीकेंडचा एखादा दिवस मोकळा असेल, तर अनेक जण रेल्वेने साधारण ९० किलोमीटरवरचं पिल्झन गाठतात. तिथे पाहायचा असतो तो 'पिल्सनर उर्केल' या बिअरचा कारखाना.

बिअर तर प्रागच्या गल्लोगल्ली मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? कारण आज आपल्याकडच्या बारमध्ये नुसतं 'बिअर' म्हटलं की समोर येणारं पिवळंधमक, आरपार दिसणारं पेय ज्या पद्धतीतून आलं, ती पद्धत इथली आहे.

रस्त्यावर ओतलेली बिअर

पिल्झनमध्ये १२९५ पासून नागरिकांना बिअर बनवण्याचा हक्क होता. जो तो आपापल्या पद्धतीने बनवायचा, त्यामुळे चवीचा भरवसा नसायचा. १८३८ मध्ये तर माल इतका वाईट निघाला की ३६ पिंपं टाऊन हॉलसमोर ओतून दिली गेली. मग हक्कदारांनी एकत्र येऊन एकच कारखाना काढला. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

त्यांनी बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. त्याने पहिला घाणा काढला ५ ऑक्टोबर १८४२ रोजी.

बिअरसाठी सातू भिजवून, मोड आणून वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. पूर्वी ते थेट आगीवर वाळवलं जाई, त्यामुळे रंग काळपट आणि चव धुरकट व्हायची. ग्रोलने इंग्लंडमधली पद्धत वापरली. तीत धूर न लावता गरम हवेवर वाळवतात, त्यामुळे माल्ट फिकटच राहतं. त्याला पिल्झनचं क्षार कमी असलेलं पाणी, जवळच्या झातेत्स भागातले सुगंधी हॉप्स आणि थंडीत सावकाश काम करणारं यीस्ट यांची जोड मिळाली. शेवटची अट होती गारव्याची. असं यीस्ट वापरलेली बिअर कित्येक आठवडे थंड जागेत मुरू द्यावी लागते. फ्रीज नव्हते, म्हणून जमिनीखाली बोगदे खोदले आणि हिवाळ्यातला बर्फ त्यात साठवला.

टूरमध्ये खरं काय दिसतं?

तांब्याची प्रचंड भांडी दिसतात, तासाला १ लाख २० हजार बाटल्या भरू शकणारी यंत्रं दिसतात. पण लोक खूश होतात ते तळघरात. बोगद्यांची लांबी सुमारे ९ किलोमीटर. तिथे ओकच्या लाकडी पिंपातून थेट ग्लासात न गाळलेली बिअर मिळते.

यात एक गंमत आहे. दुकानात जाणारी बिअर या पिंपांतून येत नाही. १९९० च्या दशकापासून ती स्टीलच्या टाक्यांत मुरते. लाकडी पिंपांतला थोडा माल चव बदलली का, हे ताडून पाहायला ठेवला जातो, असं कंपनी सांगते. म्हणजे पर्यटक पितो तो बाजारातला माल नव्हे, तर त्याचा नमुना. हा थोडा देखावा आहेच. पण जुनी चव तपासायला जुनंच पिंप लागतं, हेही तितकंच खरं.

नावाच्या बाबतीत मात्र गाव हरलं. 'पिल्सनर' म्हणजे पिल्झनची. पण सगळीकडे नक्कल झाली आणि तो बिअरचा एक प्रकारच ठरला. शेवटी कारखान्याला १८९८ मध्ये 'उर्केल', म्हणजे मूळ झरा, हा शब्द नावात घ्यावा लागला. ग्रोलचा करार तर १८४५ मध्येच संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. आज कंपनीची मालकी जपानच्या असाहीकडे आहे.

जायचंच असेल तर भाड्याच्या कारपेक्षा रेल्वे बरी. चेक प्रजासत्ताकात गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेतलेला चालत नाही. आणि बाहेर कडक ऊन असलं, तरी तळघरासाठी स्वेटर सोबत ठेवा.