जुना लॅपटॉप, नवी डिस्क

आमच्या दुकानातला जुना लॅपटॉप एक बिल उघडायला पाच मिनिटे घेऊ लागला, आतून टकटक आवाजही येऊ लागला. अशा वेळी लॅपटॉप मोडीत काढू नये. बहुधा हार्ड डिस्क थकलेली असते. आम्ही आधी उधारीची सारी खाती बाहेरच्या डिस्कवर उतरवली. मग चार्जर व बॅटरी काढून अडीच इंची एसएसडी बसवली, विंडोज नव्याने भरले. खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: जोड साटा आहे की त्याहून जुना आयडीई, आणि जाडी 7 मिलिमीटर की 9.5. पातळ डिस्क जाड जागेत पट्टी लावून बसते, जाड डिस्क पातळ जागेत बसत नाही. जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ नये; पुसलेला हिशेबही तिच्यातून परत काढता येतो.