आधी जिवाणू, मग मासे

मोठा फिशटँक घ्यायचं ठरलं की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो मोटरचा: एवढ्या पाण्याला किती ताकदीची लागेल? प्रश्न रास्त आहे, पण तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. त्यामागे फिल्टर म्हणजे चाळणी अशी समजूत असते. मासे घाण करतात, मोटर ते पाणी स्पंजातून ओढते, घाण स्पंजात अडकते, पाणी स्वच्छ होतं. मग मोटर जितकी मोठी तितकं पाणी स्वच्छ. यातली अडचण थोड्या आकडेमोडीने कळते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. वरची मोकळी जागा आणि तळाची वाळू वजा करून ६०० लिटर धरू. त्यातल्या माशांना रोज १० ग्रॅम खाद्य घातलं, तर मत्स्यपालनातल्या ढोबळ हिशोबाने त्यातून ०.३ ग्रॅम अमोनियारूपी नायट्रोजन पाण्यात उतरतो. हा अमोनिया मुख्यतः माशांच्या कल्ल्यांतून थेट विरघळूनच बाहेर पडतो. तो दिसत नाही आणि कुठल्याही स्पंजात अडकत नाही. लिटरमागे रोज अर्धा मिलिग्रॅम या गतीने तो साठत राहिला, तर काचेसारख्या नितळ पाण्यात आठवड्याभरात मासे मरू लागतात, आणि पाणी तर स्वच्छ होतं, मग झालं काय, असा प्रश्न मालकाला पडतो.

दिसायला स्वच्छ आणि राहायला योग्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा माणसांच्या पिण्याच्या पाण्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच दिला होता. १८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये कॉलऱ्याने साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मेली. हॅम्बर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळताच घरोघरी पोहोचवत होतं. शेजारचं अल्टोना शहर त्याच नदीचं पाणी हॅम्बर्गच्या खालच्या बाजूने, म्हणजे हॅम्बर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतर उचलत होतं, आणि तरीही तिथे साथ फारशी पसरली नाही. अल्टोनाकडे वाळूचे मंदगती फिल्टर होते. वाळूच्या कणांमधल्या फटी जिवाणूंच्या तुलनेत कितीतरी मोठ्या असतात. नुसत्या वाळूतून कॉलऱ्याचा जंतू सहज पार झाला असता. पण संथ वाहणाऱ्या पाण्याखाली वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांचा एक चिकट पडदा तयार होतो आणि बरंचसं काम तोच करतो. नवा वाळूफिल्टर पहिल्या दिवशी चांगलं पाणी देत नाही, तो पिकावा लागतो. काचेच्या टाकीचा फिल्टरही असाच पिकावा लागतो. फरक एवढाच की इथे जंतू अडवायचे नसून अमोनिया पचवायचा असतो.

हे पचन दोन टप्प्यांत होतं. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य. ही साखळी विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मातीतल्या जिवाणूंवर काम करून उलगडली. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय पुस्तकं पुढे कित्येक दशकं नायट्रोबॅक्टरला देत राहिली. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये दिसून आलं. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला तो तर २०१५ मध्ये, आणि ज्या दोन ठिकाणी तो सापडला त्यांतलं एक मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेला फिल्टर होतं. नवशिक्यांना या नावांची गरज नाही. त्यांना तीन गोष्टी पुरतात: हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, त्यांना भरपूर प्राणवायू लागतो आणि ते फार सावकाश वाढतात. फिल्टरची मांडणी या तिन्हींवरून ठरते. मोटर त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचवते, त्याहून अधिक काही करत नाही. जिवाणू किती वाढणार हे त्यांना मिळणाऱ्या अमोनियावर, पर्यायाने तुम्ही घालत असलेल्या खाद्यावर ठरतं; दुप्पट ताकदीची मोटर बसवल्याने ते दुप्पट होत नाहीत.

बऱ्हाणपूरकरांनी यात आपल्या पाण्याचा हिशोब आधी मांडायला हवा, आणि त्याचा पुरावा शहराच्या पोटातच आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, इथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यात मुरून जमिनीखालून तापीकडे निघालेलं पाणी वाटेतच अडवायचं आणि भुयारातून केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणायचं, अशी ही इराणी कनातीच्या धर्तीची योजना. भुयारावर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे भुयारात उतरणाऱ्या विहिरी, ओळीने उभ्या आहेत. २०२४ मध्ये भारताने युनेस्कोकडे दिलेल्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचं नाव गेलं. खाली उतरणाऱ्याला भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. डोंगरातून झिरपताना पाणी गाळलं जातं हे खरंच, पण ते वाटेत क्षारही उचलतं. या भागातल्या विहिरी-बोअरचं पाणी सहसा जड आणि अल्कधर्मी असतं, आणि टाकीचं गणित त्यामुळे दोन उलट दिशांना फिरतं.

एक दिशा फायद्याची. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातली अल्कता खर्च करतात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे चुनखडीच्या मापात सुमारे सात ग्रॅम. आपल्या ६०० लिटरच्या टाकीत हा खर्च लिटरमागे रोज साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास पडतो. पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम अल्कता असेल तर ही शिल्लक दीड-दोन महिने पुरते, आणि त्याआधी पाणी बदलताना ती भरूनही निघते. घरातल्या आरओ यंत्राचं पाणी शुद्ध म्हणून टाकीत ओतणाऱ्यांनी इथे थांबावं. त्यात अल्कता २० च्या घरात असेल तर आठवड्याभरात ती संपते, पीएच घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. जे पाणी चहाला चालत नाही ते माशांना कसं चालेल, हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो माणसाच्या जिभेवर बेतलेला आहे. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल किंवा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड यांना जड पाणीच मानवतं. डिस्कस किंवा कार्डिनल टेट्रासाठी पाणी मऊ करण्याचा खटाटोप नवशिक्यांनी पहिल्या टाकीत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याला साजेसे मासे निवडणं हे माशांना साजेसं पाणी घडवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

दुसरी दिशा धोक्याची. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांतलं एकच खरं जहाल. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असताना हे जहाल रूप एकूण अमोनियाच्या एक टक्काही नसतं. पीएच ८ झाला की ते पाच टक्क्यांवर जातं, आणि त्याच पीएचला पाणी ३० अंशांवर आलं की साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मऊ पाण्याच्या गावात जी नवी, न पिकलेली टाकी मासे कशीबशी सोसतात, तीच बऱ्हाणपूरच्या मे महिन्यात त्यांचा जीव घेऊ शकते. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. मासे आणि जिवाणू दोघांची भूक उन्हाळ्यात वाढते, आणि नेमका तेव्हाच साठा आक्रसतो. पारा चाळिशीपार जाणाऱ्या गावात फिल्टरने पाणी हवेशी किती खेळवलं, हा प्रश्न मोटरच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

म्हणूनच एवढ्या मोठ्या टाकीला बंद डब्याच्या कॅनिस्टरपेक्षा खाली ठेवलेला उघडा संप मला योग्य वाटतो. कल्पना जुनी आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात विल्यम अल्फर्ड लॉइड याने दर्शनी टाक्यांपेक्षाही मोठा हौद खाली अंधारात ठेवून पाणी सतत फिरवलं होतं. घरात एवढा पसारा नको. वरच्या टाकीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे दीडशे-दोनशे लिटरचा संप पुरतो. पाणी वरच्या काठावरून ओसंडून खाली येतं, पडता पडता हवा घेतं, आधी फिल्टर वूलमधून जातं, मग स्पंजातून, मग सिरॅमिक रिंगा किंवा प्लॅस्टिकच्या बायोमीडियातून, आणि शेवटी मोटर ते वर चढवते. बायोमीडिया महागडाच हवा असं नाही. भरपूर पृष्ठभाग, मधून पाणी वाहायला वाट आणि पाण्यात काही न सोडणारा पदार्थ, एवढंच त्याच्याकडून हवं. संपावर झाकण ठेवून अंधार केला की शेवाळ धरत नाही, फक्त हवा आत-बाहेर जायला जागा सोडावी. टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरलं तरी पुष्कळ. पण मोटरच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो; संपापासून चार-पाच फूट वर ढकलताना तो बराच घटतो, हे धरूनच मोटर घ्यावी.

संपाला जागा लागते, काम वाढतं, आणि वीज गेली की पाणी फरशीवर येतं, असं म्हणणारे म्हणतात. शेवटची भीती खरी आहे, पण तिचंही उत्तर आकडेमोडीत आहे. सहा बाय दोन फुटांच्या टाकीची पातळी एक इंच उतरली की बरोबर एक घनफूट, म्हणजे २८ लिटर पाणी खाली येतं. दोन इंच उतरणार असेल तर संपात ५६ लिटरची जागा कायम रिकामी हवी. वर चढणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडलं की मोटर बंद पडताच तिथून हवा शिरते, सायफन तुटतो आणि नळीतून पाणी उलटं वाहत नाही. एवढं करून मासे आणण्यापूर्वीच मोटरचा प्लग काढून पाहावा. पाणी कुठवर चढतं ते डोळ्यांनी दिसलं की भीतीला जागा उरत नाही. (टाकी, पाणी आणि स्टँड मिळून वजन पाऊण टनाच्या वर जातं, तेव्हा वरच्या मजल्यावर ठेवणाऱ्यांनी आधी घर बांधणाऱ्या जाणकाराला विचारावं.)

आता वेळेचा मुद्दा, आणि खरी परीक्षा इथेच असते. फिल्टर पिकायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर टाकीत मासा नको. जिवाणूंना खायला मात्र अमोनिया हवा. शुद्ध अमोनियम क्लोराइड यासाठी उत्तम. कल्हईवाले वापरतात त्या नवसागराचंच हे निर्भेळ रूप, पण बाजारातल्या खड्यांत भेसळीची शक्यता असल्याने प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्यावं. साडेचार ग्रॅम पूड ६०० लिटरमध्ये लिटरमागे दोन मिलिग्रॅम नायट्रोजन देते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी थायोसल्फेटने, म्हणजे दुकानातल्या अँटिक्लोरने मारावं, नाहीतर ज्यांची वाट पाहायची त्यांनाच आपण मारतो. मग टेस्ट किटवर आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, तेही उतरतं. घातलेला अमोनिया आणि त्यातून बनलेलं नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले की फिल्टर तयार. यात दुधट पाण्याचे काही दिवस येऊ शकतात. तेव्हा घाबरून सगळं पाणी ओतून देऊ नये. घाई असेल तर ओळखीच्या, निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणून संपात टाकावा. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा यावर माझा भरवसा अधिक आहे. बाटली चांगली निघूही शकते, पण ती चांगली निघाली हे किटच सांगणार, लेबल नाही.

आमच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी मासे सोडले आणि ते जगले, हे उत्तर हमखास ऐकू येतं. जगले असतीलही: थोडे मासे, खूप पाणी, बेताचं खाद्य आणि वेळोवेळी पाणी बदलणं यांत अमोनिया विषाच्या पातळीला पोहोचतच नाही. मोठी टाकी नवशिक्यांना सोपी जाते त्याचंही कारण हेच. तेच १० ग्रॅम खाद्य ६० लिटरच्या टाकीत पडलं तर रोजचा अमोनिया दहापट, लिटरला पाच मिलिग्रॅम होतो. पण ही सवलत पाण्याची आहे, आणि मोठी टाकी रिकामी दिसते म्हणून लोक ती पहिल्याच आठवड्यात भरून टाकतात. अधिक पटण्याजोगा आक्षेप वनस्पतींचा आहे. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी एकत्र ठेवून समतोल साधला होता, आणि आजही दाट झाडांच्या टाकीत फिल्टर नाममात्र चालतो. मात्र तिथे मासे कमी लागतात, आणि मोठी टाकी घेणाऱ्यांना हवे असलेले ऑस्कर मासे झाडं उपटून टाकतात. संपात मनीप्लांटची मुळं सोडणं हा मधला मार्ग चांगला. ती नायट्रेट खातात. उरलेल्या नायट्रेटसाठी आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावंच लागतं.

चालू झालेला फिल्टर बिघडतो तो बहुधा स्वच्छतेच्या अतिरेकाने. दर पंधरवड्याला टाकी रिकामी करून, मीडिया नळाखाली खसाखसा धुऊन, सगळं उन्हात वाळवून परत लावायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे; तिच्यात पिकलेला फिल्टर दरवेळी शून्यावर येतो. फिल्टर वूल मात्र आठवड्याला धुवावं किंवा बदलावं, कारण त्यात अडकलेली विष्ठा पाण्याबाहेर गेलेली नसते, ती तिथेच कुजून अमोनिया देत राहते. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. बायोमीडियाला वाहणं अडेपर्यंत हात लावू नये.

राहता राहिली वीज. ती तास-दोन तास गेली तर संपातल्या मीडियाला हवा लागत असते, तरीही बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि टाकीतच एक स्पंज फिल्टर एवढी तजवीज उन्हाळ्यापूर्वी हवी. जागेअभावी कॅनिस्टर घेतलेल्यांनी जास्त जपायचं. बंद डब्यातला प्राणवायू जिवाणू लवकर संपवतात, आणि काही तासांनी आतलं पाणी सडू लागतं. वीज आली की कॅनिस्टर तसाच चालू होऊन ते पाणी थेट माशांवर येतं. तेव्हा लांबच्या खंडानंतर त्याचा प्लग आधी काढून ठेवावा, डबा उघडून आतलं पाणी झाडांना ओतावं, टाकीच्या पाण्याने मीडिया एकदा हलकेच विसळावा, आणि मगच बटण दाबावं.