बंद लखोटा

पोस्टकार्डावरचा मजकूर पोस्टमन वाचू शकतो, शेजारीही वाचू शकतो. म्हणून खाजगी गोष्ट आपण लखोट्यात घालून पाठवतो. इंटरनेटवरही असेच दोन मार्ग आहेत.

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा आपला निरोप एकदम तेथे पोहोचत नाही. घरातला राउटर, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि वाटेतली अनेक यंत्रे यांच्या हातून तो पुढे जातो. जोडणी साधी असेल, तर तो पोस्टकार्डासारखा उघडा असतो. समजा, तुम्ही कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरला. तुमचे नाव, जन्मतारीख आणि पासवर्ड वाटेतला माणूस वाचू शकेल. इतकेच नव्हे, तर तो मजकूर बदलूही शकेल.

हा धोका लोकांना पटावा म्हणून २०१० साली अमेरिकेतील एका प्रोग्रॅमरने ‘फायरशीप’ नावाचा छोटा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या फेसबुक खात्यात त्याच्या मदतीने सहज शिरता येत असे. पुढे २०१३ साली फेसबुकने सर्वांसाठी सुरक्षित जोडणी सुरू केली.

सुरक्षित जोडणीत निरोप आधी सांकेतिक रूपात बदलला जातो. मात्र एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर लिहून भागत नाही. कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजले, की अशी लिपी उलगडते. बगदादचे विद्वान अल-किंदी यांनी नवव्या शतकातच ही रीत लिहून ठेवली होती. आज आपले यंत्र आणि संकेतस्थळ अवघड गणिताच्या आधारे प्रत्येक जोडणीसाठी नवी किल्ली तयार करतात. ती वाटेत कोणाच्याही हाती लागत नाही. लखोट्यावरचा पत्ता वाटेत दिसू शकतो. पण आतला मजकूर वाचता येत नाही. कोणी त्यात बदल केला, तर तोही लगेच कळतो. शिवाय संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र दाखवते. त्यामुळे त्या पत्त्यावर खरोखर तेच आहे, याची खात्री होते.

अशा संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनी सुरू होतो. पण एक गोष्ट विसरू नका. लखोटा बंद आहे, म्हणून तो घेणारा प्रामाणिक असतोच असे नाही. ठगसुद्धा आपल्या संकेतस्थळासाठी प्रमाणपत्र मिळवू शकतो. म्हणून पासवर्ड लिहिण्यापूर्वी पत्त्यातले प्रत्येक अक्षर नीट वाचावे. लखोटा बंद करणे हे यंत्राचे काम आहे. तो कोणाला द्यायचा, हे ठरवणे आपले काम आहे.