बऱ्हाणपूरचा भाव आणि गाडीवरचा डझन

रावेर-यावलकडच्या बागायतदाराला केळीचा भाव विचारला, तर तो मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा आकडा सांगतो. तापीकाठच्या या पट्ट्यात राज्ये दोन असली तरी केळीचा बाजार एकच आहे. बऱ्हाणपूरच्या लिलावात निघालेला भाव सीमेअलीकडच्या जळगाव जिल्ह्यातही प्रमाण धरला जातो. त्या भावाच्या उड्या मात्र बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतात. गेल्या काही वर्षांत तो क्विंटलला दोन हजारांच्या वर गेला आणि पाचशेच्या खालीही आला. शहरातल्या हातगाडीवर डझनाचा भाव तेवढा चढत नाही आणि तेवढा उतरत तर मुळीच नाही. असे का, याचे ठरलेले उत्तर म्हणजे मधला दलाल खातो. त्यात तथ्य आहे, पण त्याने निम्मेच कोडे सुटते. उरलेले निम्मे साध्या हिशेबाचे आहे, आणि बागायतदाराचे खरे नुकसान तिथेच दडलेले आहे.

रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये फळांच्या किमतीचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानुसार ग्राहक केळीसाठी मोजतो त्या रुपयातले सुमारे ३१ पैसे शेतकऱ्याला मिळतात. द्राक्षात हा वाटा ३५ आणि आंब्यात ४३ पैशांचा आहे. आता समजा, बागेतला भाव एका महिन्यात निम्म्यावर आला आणि मधल्या साखळीतल्या प्रत्येकाने पूर्ण प्रामाणिकपणे ती सगळी घट पुढे दिली. तरी ग्राहकाच्या रुपयातले कमी होणार साडेपंधरा पैसेच. साठ रुपयांचा डझन पन्नासच्या आसपास यायला हवा, त्याहून खाली नाही. बागायतदाराचे उत्पन्न निम्मे झाले, ग्राहकाला मात्र सहाव्या हिश्श्याचाही दिलासा नाही, आणि यात अजून कोणी लबाडी केलेली नाही! प्रत्यक्षात विक्रेता ते नऊ-दहा रुपयेही लगेच सोडत नाही. उद्या भाव चढला तर गिऱ्हाईकाशी पुन्हा हुज्जत नको, म्हणून तो साठावरच थांबतो.

उरलेले ६९ पैसे कशात जातात ते पाहिले, तर ही ताठरता उलगडते. घड हिरवाच कापावा लागतो. कापणीची मजुरी, फण्या काढून भरणे, हमाली, मग उत्तर भारतापर्यंतचे ट्रकभाडे. तिथे रायपनिंग चेंबरमध्ये साधारण १६ ते १८ अंशांत, इथिलीन देऊन चार-पाच दिवस पिकवणे. पुढे घाऊक व्यापाऱ्याची आडत, काळी पडून फेकावी लागणारी केळी आणि शेवटी हातगाडीवाल्याची दिवसाची कमाई. यातला बहुतेक खर्च वजनावर किंवा फेरीवर ठरतो. केळी चारशेने घेतली काय नि दोन हजारांनी घेतली काय, डिझेल तेवढेच जळते. कॉफीची गोष्ट या बाबतीत केळीची थोरली बहीण म्हणावी अशी आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, तोवरचा तो उच्चांक होता. तरी हॉटेलातल्या कपाची किंमत त्या पटीत वाढली नाही, कारण कपात बियांची किंमत थोडी आणि भाडे, दूध, पगार यांचीच जास्त. याच न्यायाने २००१-०२ मध्ये कॉफीचा भाव कोसळला तेव्हा पिणाऱ्यांना फारसे काही जाणवले नाही आणि पिकवणारे मात्र देशोधडीला लागले. कॉफीला निदान पोत्यात घालून काही महिने वाट पाहता येते. तयार झालेला केळीचा घड तशी सवड देत नाही.

बऱ्हाणपूरच्या बागायतदाराला ही सवड नसणे केवढ्याला पडते? पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी सुमारे १,७४० झाडे बसतात. वादळ, करपा, विषाणू यांतून दीड हजार घड हाती आले आणि घड सरासरी वीस किलोचा धरला, तर तीनशे क्विंटल माल होतो. भाव क्विंटलला पाचशेने घसरला की एकरी दीड लाख गेले. रोपे, खत, ठिबक, मजुरी यांचा खर्च तर आधीच होऊन बसलेला असतो. शिवाय बाग लावल्यापासून कापणीला अकरा-बारा महिने लागतात, म्हणजे लागवडीचा निर्णय गेल्या वर्षीचा भाव पाहून होतो. चढा भाव पाहून सगळेच रोपे लावतात आणि वर्षाने सगळ्यांचा माल एकदम येतो. इथे हातगाडीवरचा न हललेला भाव पुन्हा आडवा येतो. केळी स्वस्त झाल्याचे ग्राहकाला कळलेच नाही तर तो डझनाऐवजी दोन डझन नेणार नाही. जास्तीचा माल खपत नाही, तो साचतो आणि लिलावातला भाव आणखी खाली जातो. मंदी एवढी खोल जाण्यामागे दलालाच्या लोभाइतकाच या न पोचलेल्या निरोपाचाही हात आहे.

मग व्यापारी हटवून थेट विक्री का नको? छोट्या प्रमाणावर जरूर व्हावी. पण शेकडो ट्रक माल रोज दूरच्या शहरांत पिकवून वाटायचा तर ते काम कोणीतरी करणारच, आणि त्याचे पैसेही घेणारच. प्रक्रियेचे म्हणाल, तर केळीचे वेफर्स, पावडर, खोडाचा धागा हे उद्योग बऱ्हाणपुरात रुजत आहेत. ते चांगलेच आहे, फक्त भरहंगामात येणाऱ्या मालापुढे त्यांची भूक लहान आहे. निर्यातीचेही तसेच. केळी पिकवण्यात भारत जगात पहिला आहे, पण २०२२-२३ मध्ये देशाबाहेर गेली ती सुमारे ३.६ लाख टन, एकूण पिकाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतकी. राहिला हमीभाव. केरळने नोव्हेंबर २०२० मध्ये सोळा शेतमालांना उत्पादनखर्चावर वीस टक्के धरून आधारभाव दिला. त्यात नेंद्रन केळीला किलोमागे ३० रुपये होते. पण केरळ पिकवतो त्याहून जास्त खातो. बऱ्हाणपूरचा माल खाणारा परराज्यात असतो, त्यामुळे सरकारने विकत घेतलेली केळी ठेवायची कुठे, हा प्रश्न इथे पहिल्याच दिवशी उभा राहील.

म्हणून माल विकत घेण्यापेक्षा भावातला फरक खात्यात देणे मला अधिक व्यवहार्य वाटते. नाशवंत मालासाठी केंद्राची बाजार हस्तक्षेप योजना आहे आणि भाव मागच्या सामान्य हंगामापेक्षा दहा टक्क्यांनी पडला की ती लागू करता येते. आता तिच्यात फरकाची रक्कम थेट देण्याचीही सोय झाली आहे. आक्षेप असा की फरक सरकार भरणार म्हटल्यावर व्यापारी बोली आणखी खाली आणतील. ही भीती पोकळ नाही. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना आणली तेव्हा हीच तक्रार ऐकू आली होती. त्यावर उतारा एवढाच की फरक एकेका शेतकऱ्याच्या पावतीवरून न मोजता अनेक बाजारांच्या सरासरीवरून मोजावा, म्हणजे एका लिलावात बोली पाडून कोणाचा फायदा होणार नाही. दुसऱ्या टोकाला, मंदीच्या दोन महिन्यांत अंगणवाड्या, शाळा आणि वसतिगृहांनी केळी घ्यावी. या खरेदीला हातगाडीवरच्या भावाची वाट पाहावी लागत नाही, ती लिलावाच्या भावाने होऊ शकते. अडचण आहे ती पिकवण्याची. हिरवी केळी तालुक्याच्या गावी पोचली तरी बहुतेक ठिकाणी चेंबर नाही, आणि तो बांधायचा खर्च कृषी खात्याने करायचा की शिक्षण खात्याने, हे आधी ठरवावे लागेल.