विश्लेषण : टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास काय होते? चमचाभर पावडरही धोकादायक का?

दिवाळीच्या साफसफाईत शौचालयाच्या भांड्यावरचे पिवळे डाग निघेनात, की आधी ओतलेल्या टॉयलेट क्लीनरवर चमचाभर ब्लीचिंग पावडरही टाकली जाते. दोन्ही एकत्र आल्यावर सफाई दुप्पट होईल, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात काही क्षणांत उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात, छाती आवळते आणि खोकल्याची उबळ थांबत नाही. हा वास ॲसिडचा आहे असे अनेकांना वाटते. तो असतो क्लोरिन या विषारी वायूचा.

क्लोरिन येतो कुठून?

बाजारातील बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. पाण्यातील क्षारांचे थर विरघळवणे हे त्याचे काम. ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायती पाणी शुद्धीकरणासाठी वापरतात ती टीसीएल पावडर, जंतू मारते आणि डाग फिके करते. तिच्यात क्लोरिन हायपोक्लोराइटच्या रूपात बांधलेला असतो. कपड्यांसाठीच्या द्रवरूप ब्लीचमध्येही सोडियम हायपोक्लोराइट असते. आम्लाशी गाठ पडताच हा क्लोरिन वायुरूपात मोकळा होतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडलेला वायू हाच.

चमचाभर पावडरने इतके काय होणार?

हवेच्या दहा लाख भागांत क्लोरिनचे १० भाग झाले, तर ते प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच शौचालयात ही पातळी गाठायला जेमतेम ०.१६ ग्रॅम क्लोरिन पुरतो. चांगल्या ब्लीचिंग पावडरमधून आम्लामुळे ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरिन सुटू शकतो. म्हणजे पाच ग्रॅमच्या एका चमच्यातून सुमारे दीड ग्रॅम, धोक्याच्या पातळीच्या जवळपास नऊपट. पावडर पूर्ण विरघळली आणि खिडकी-दार बंद असले, तरचा हा हिशेब आहे. पण त्याचा दहावा भाग सुटला तरी धोक्याची पातळी जवळ येते.

शिवाय हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो खाली, जमिनीलगत साचतो. भांडे घासणारी व्यक्ती नेमकी तिथेच वाकून किंवा उकिडवी बसलेली असते.

आणखी कोणत्या जोड्या टाळायच्या?

ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यास क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. मूत्र साचून राहिलेल्या मुतारीतही तो तयार होतो. त्यामुळे तिथे ब्लीच टाकण्यापूर्वी भरपूर पाणी ओतणे आवश्यक असते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबाचा रस मिसळणेही टाळावे, कारण तीही आम्लेच आहेत.

तुंबलेल्या मोरीसाठी वापरली जाणारी ड्रेन क्लीनर पावडर बहुधा कॉस्टिक सोड्याची असते. तिच्यावर आम्ल ओतल्यास इतकी उष्णता निर्माण होते, की मिश्रण उसळून तोंडावर उडू शकते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात किंवा जस्ताच्या बादलीत आम्ल ओतले, तर पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. शहाबादी, कोटा आणि संगमरवरी फरशी चुनखडीच्या जातीची असल्याने आम्लाने ती झिजते. फरशीवर येणारा फेस मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो.

आम्ल पाण्यात की पाणी आम्लात?

तीव्र आम्ल पातळ करायचे असल्यास नेहमी पाण्यात आम्ल, तेही थोडे थोडे ओतावे. सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या १.८ पट जड असते. त्यावर पाणी ओतल्यास ते वरच राहते, क्षणात उकळते आणि आम्लाचे थेंब उडवते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत हेच आम्ल असते. तिची पातळी कमी झाल्यावर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते, ॲसिड नव्हे.

सुटे ॲसिड अधिक धोक्याचे का?

हातगाडीवर किंवा दुकानात सुटे मिळणारे ॲसिड टॉयलेट क्लीनरपेक्षा बरेच तीव्र असू शकते आणि बाटलीवर लेबल नसते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ते भरलेले असेल, तर लहान मूल ते पिण्याचा धोका असतो. ॲसिड हल्ल्यांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी ॲसिडविक्रीवर बंधने घातली. विक्रेत्याने खरेदीदाराचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहून, खरेदीचे कारण विचारून नोंदवहीत नोंद करायची आणि १८ वर्षांखालील कोणालाही ॲसिड विकायचे नाही, असे हे आदेश आहेत.

अपघात झाल्यास काय करावे?

वायू सुटल्याचे जाणवताच श्वास रोखून आधी बाहेर पडावे. ‘एवढे घासून घेऊ’ म्हणून थांबू नये किंवा बादली उचलायला परत आत जाऊ नये. मोकळ्या हवेत, शक्यतो उंचावर जावे. लगेच बरे वाटले तरी फुप्फुसांना सूज काही तासांनी येऊ शकते. त्यामुळे धाप किंवा खोकला राहिल्यास रुग्णालय गाठावे. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावे. त्यावर खाण्याचा सोडा चोळू नये. ॲसिड पोटात गेल्यास उलटी करायला लावू नये. ते वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

कोणी काळजी घ्यायची?

क्लीनर विकत घेणारे आणि प्रत्यक्ष घासणारे हात अनेक घरांत वेगळे असतात. घरकाम करणाऱ्या बाईंना किंवा सोसायटीच्या सफाई कामगाराला दोन बाटल्या दिल्या जातात, त्यातील धोका मात्र सांगितला जात नाही. त्यांना रबरी हातमोजे देणे, खिडकी आणि दार उघडे ठेवणे आणि एका वेळी एकच क्लीनर हाती देणे, ही घरमालकाची जबाबदारी ठरते. दुसरा वापरायचाच असेल, तर पहिला भरपूर पाण्याने पूर्ण वाहून गेल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी. दोन्ही बाटल्या मूळ लेबलसह, वेगवेगळ्या जागी आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.